पडद्याची खाडीकडची बाजू

चांगुणाबाईला गावात तिच्या माघारी सगळे ‘पिच्चरवाली’ म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त तिच्या नणंदेला, सुंदराबाईला होती, आणि ती हिंमत ती येता-जाता वापरायची. ऐरोलीच्या बाजूला खाडीला टेकलेलं ते मिठागरवाल्यांचं गाव. सिनेमाचं वेड तिथं एकट्या चांगुणेलाच होतं असं मुळीच नाही. गावदेवीच्या जत्रेला कासिमभाईचा तंबू आला, की चांगले धडधाकट बाप्ये मिठागरावर ताप आल्याचा निरोप धाडत आणि संध्याकाळी त्याच तापात शिट्ट्या मारायला हजर होत. पण त्यांचं वेड तंबू उठला की उतरायचं. चांगुणेचं वर्षभर अंगात राहायचं, आणि तेही एकाच सिनेमाचं.

तंबू आपला म्हणायला. खरं तर चारी बाजूंनी कनाती, वर उघडं आभाळ आणि मधोमध दोन बांबूंना ताणलेला पांढरा पडदा. पडद्याच्या गावाकडच्या बाजूला यंत्र आणि पुरुष. खाडीकडच्या बाजूला बायका आणि पोरं. ही वाटणी कासिमभाईच्या बापापासून चालत आलेली. बायकांना सिनेमा दिसायचा तो पडद्याच्या पाठीकडून, म्हणजे सगळा उलटा. नटाचा उजवा हात यांच्या लेखी डावा, उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर, आणि नावांच्या पाट्या अशा की शाळेत गेलेल्या पोरींनाही त्या वाचता येऊ नयेत. बायकांना त्याचं काही वाटत नसे. त्यांनी कधी दुसऱ्या बाजूनं पाहिलंच नव्हतं, तेव्हा आपल्याला दिसतं ते उलटं आहे हेही त्यांच्या गावी नव्हतं.

पडदा कोरडा झाला की मागच्या बाजूला चित्र फिकं पडायचं, आणि ओला असला की लख्ख उमटायचं. म्हणून एकीनं मधूनमधून त्यावर पाणी मारायचं असा रिवाज होता. गोडं पाणी प्यायलाच पुरत नसे, तेव्हा हे पाणी खाडीचं. वर्षानुवर्षं पडद्यात मीठ मुरलं होतं, आणि उजेड पडला की नटांच्या तोंडावर बारीक कण चमकत. पाणी मारायचं काम चांगुणेचं. तांब्या घेऊन ती पडद्याला अगदी खेटून बसायची आणि राक्षसाच्या दातांवरून, राजकन्येच्या गालांवरून ओला हात फिरवायची. बाकीच्या बायका सिनेमा बघायच्या; हिला तो हाताला लागायचा.

दत्तू हा तिचा नवरा. मिठागरावर कावड वाहायचा. सगळे गडी कावड उजव्या खांद्यावर घेतात. हा डावखुरा, डाव्यावर घ्यायचा. त्या खांद्यावर मुठीएवढी गाठ आली होती आणि चालताना तो खांदा खाली उतरलेला दिसायचा. लग्न होऊन घरात रुळते न रुळते तोच चांगुणा त्याला लांब बांधावरून, नुसता पाठमोरा ओळखायला लागली. माणूस मोठा थट्टेखोर. एकदा मिठाचा मचवा घेऊन खाडीपलीकडे गेला तो ठरल्यापेक्षा उशिरा परतला. त्याची पाठ चोळून देताना चांगुणेला कानामागे, मानेच्या घडीत चमचमती सोनेरी पूड दिसली. नखानं खरवडून तिनं ती त्याच्या नाकापुढे धरली.

“ये काय?”

“सांगन,” तो हसत सुटला. “कंदीतरी जत्रेला तुना गंमत दावन.”

तिनं खोदून खोदून विचारलं, रुसून पाहिलं, पानात भाकरी वाढायची थांबली. पण गडी बधला नाही. नुसता हसत राहिला.

पुढच्या थंडीत एका सकाळी तो होडी घेऊन जाळं लावायला खाडीत गेला. भरतीबरोबर होडी आपली आपण काठाला आली. तो आला नाही. आसपासच्या गावांनी मिळून खाडी ढवळली, भगत झाले, पोलीस झाले. काही सापडलं नाही. प्रेत नाही म्हणून कार्य नाही, आणि कार्य नाही म्हणून चांगुणेच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. सासरा सितारामबाबा म्हणाला, “माजा पोर येल.” जासईहून तिचा भाऊ पंढरी यायचा, तो उलट सांगायचा. “आता येत नाय तो. पाट लाव. उभा जनम कसा कारशील?” तळोज्याच्या कारखान्यात लागलेला, बायको गेलेला एक बरा माणूस त्यानं बघूनही ठेवला होता. चांगुणा हो म्हणेना की नाही म्हणेना. आपण बायको आहोत की विधवा, एवढं एकच तिला कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं होतं, आणि तेच कुणी सांगत नव्हतं.

दोनेक जत्रा अशाच गेल्या, आणि मग कासिमभाईनं ‘सातवा तालाब’ आणला. काळापांढरा, जादूचा. आजारी बापासाठी अमृत आणायला निघालेला राजपुत्र एकेक तळं ओलांडत जातो. रतनदीप नावाचा नट, गोरा, नाजूक, गालावर तीळ. चांगुणेच्या बाजूनं बघितलं तर तीळ डाव्या गालावर आणि तलवार डाव्या हातात. राक्षस मारतो, उडणाऱ्या मगरीवर बसतो, गुहेतल्या म्हातारीचं कोडं सोडवतो आणि शेवटी सातव्या तळ्याशी येतो. तिथं अंगरखा काढतो, पाठ फिरवतो आणि पाण्यातल्या पायऱ्या उतरू लागतो. कंबर बुडते, पाठ बुडते, मान बुडते, मग केस. पाणी मिटतं. आणि तिथंच सिनेमा संपायचा, कारण शेवटचं रीळ कासिमभाईला मिळालंच नव्हतं.

“म्होरं काय झाला?” बायकांनी गलका केला.

“म्होरं काय होनार? वर येतो, शादी करतो. सगल्या पिच्चरमदी तेच असतं. चला, घरी जावा,” कासिमभाई पलीकडून ओरडला.

पण कासिमभाईनं तरी ते कुठं पाहिलं होतं? चांगुणा तांब्या हातात धरून बसून राहिली. सिनेमाभर तो राजपुत्र तिला परकाच वाटला होता. पण पाण्याशी येऊन त्यानं पाठ फिरवली मात्र, पाणी मारायचा तिचा हात थांबला. चमकती ओली पाठ, उजवा खांदा जरा उतरलेला, जसा मिठागरावरच्या कुणाही गड्याचा असतो. हे आपलं माणूस आहे असं तिला वाटलं आणि का वाटलं ते काही केल्या कळेना. त्या दिवसापासून तिच्या मनानं एक घेतलं: हा वर येतो की नाही ते कळलं, की दत्तूचंही कळेल. खूळ म्हणायचं तर म्हणा. शहाण्या माणसांकडून उत्तर मिळालं असतं तर ती कशाला पडद्याकडे मागायला गेली असती? पुढच्या वेळी पंढरी आला तेव्हा तिनं त्याला सरळ सांगितलं, “पिच्चरचा शेवट कलू दे. मंग काय ता ठरवन.” पंढरीनं कपाळावर हात मारला आणि न जेवता जासईची वाट धरली.

दुसऱ्या वर्षी कासिमभाईनं तोच सिनेमा पुन्हा आणला. तिसऱ्या वर्षीही. बाकीचे खेळ बदलायचे, पण जत्रेत एक दिवस ‘सातवा तालाब’चा ठरलेला. सितारामबाबाच त्याला सांगून ठेवायचा, “तोच आन.” म्हातारा अगदी पुढे, पडद्याच्या पायाशी बसायचा, आणि पाणी मिटलं की कुणाशी न बोलता घरी जायचा. चांगुणेला वाटायचं, सासऱ्यालाही आपल्यासारखाच नाद लागला. आणखी एक गोष्ट तिच्या कानांनी टिपली होती. पुरुषांची बाजू म्हणजे नुसता धिंगाणा. राजकन्या आली की शिट्ट्या, राक्षस आला की शिव्या. पण राजपुत्रानं पाठ फिरवली की पलीकडे एकदम सामसूम व्हायची. खोकल्याचासुद्धा आवाज नाही. इतकी माणसं श्वास धरून बसल्यासारखी.

एका वर्षी तिनं ठरवलं, पुढच्या बाजूनं बघायचं. कदाचित तिथून शेवट थोडा जास्त दिसत असेल. कनातीच्या फटीतून ती शिरली तो सितारामबाबा आडवा आला. “मागं जा,” म्हणाला. “बायकांची बसायची जागा मागं.” सून म्हणून घरात आल्यापासून तो तिला कधी कडू बोलला नव्हता, त्या दिवशी मात्र त्यानं तिला दरडावलं. आणि तो एकटाच नव्हता. मागचे चारपाच बाप्ये उठून त्याच्या बाजूला उभे राहिले होते, आणि त्यांतला एकही तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. चांगुणा संतापून मागे गेली आणि त्या दिवशी तिनं पडद्यावर पाण्याचे सपकारे मारले.

त्याच दिवशी तिनं तोंड पाहिलं.

बायकांचा एक साधा हिशेब होता. पुरुषांकडे पाठ फिरवली म्हणजे आपल्याकडे तोंड यायला पाहिजे. माणूस दोन बाजूंच्या मध्ये उभा असेल तर दुसरं काय होणार? म्हणून राजपुत्र वळला की सगळ्या माना उंच करायच्या, आणि इकडेही पाठच दिसली की कासिमभाईला लबाड म्हणायच्या. त्या दिवशी मात्र राजपुत्र वळला आणि चांगुणेसमोर, हातभर अंतरावर, एक तोंड आलं. रतनदीपचं नव्हे. पडदा ओलाचिंब, पाण्याचे ओघळ खाली चाललेले, मिठाचे कण लखलखणारे, आणि त्या सगळ्यातून दोन डोळे तिच्याकडे बघणारे. ओळख पटतेय असं वाटेपर्यंत ओघळ आला आणि तोंड मोडलं. डोळे तेवढे राहिले. मग तिला वाटलं, ते आपल्याकडे बघतायत की आपल्या खांद्यावरून मागे? मागे खाडी होती. ओहोटीची वेळ, काठाला नुसता चिखल. तरी तिला पाठीशी पाण्यात कुणी पाऊल टाकावं तसा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. अंधार होता. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर पाणी मिटलं होतं, आणि तिच्या तळहाताला खाडीतल्या खोल चिखलाचा वास येत होता. साबणानं धुतला तरी तो दोन दिवस गेला नाही.

तिनं सुंदराबाईला सांगितलं आणि पस्तावली. दत्तूची सख्खी धाकटी बहीण ती. गावातच दिलेली, जिभेला हाड नसलेली. “माजा दादूस खाडीन गेला, न तू पिच्चरवाल्याचे डोले बगतंस?” ती फणकारली. “कुनाला नाय दिसला तो, न तुनाच कसा दिसला?”

खरंच कुणाला दिसलं नव्हतं. पण त्यानंतर दर जत्रेला चांगुणेला ते दिसायचं. ती भ्यायची. अंगावर काटा घेऊनच बसायची. पण जायची, आणि जाताना हातात हिरव्या बांगड्या नव्या भरायची, केसांना तेल लावायची, आणि पडद्याच्या त्याच कोपऱ्याशी, त्याच जागी बसायची. दुसरी कुणी आधी बसली तर उठवायची.

मधल्या वर्षांत नवी मुंबई उभी राहत होती. मिठागरांत भराव पडले, वाशीला इमारती झाल्या, आणि कावड वाहणारी माणसं कुठं कुठं रखवालदारीला लागली. चांगुणा टोपलीत सुकट-बोंबील घेऊन वाशीच्या वसाहतीत फिरायला लागली. तिथं तळमजल्यावरच्या एका घरात कमळाकर नावाचे एकटे वयस्क गृहस्थ राहायचे. बोंबलांवर त्यांचा जीव. एकदा त्यांनी सुटे पैसे आणायला आत जाताना दार उघडं टाकलं, आणि चांगुणेला भिंतीवर चौकटीतला फोटो दिसला. तलवार घेतलेला रतनदीप.

“साहेब,” ती म्हणाली, “ह्यो फोटू उलटा लावलाव तुमी.”

“उलटा?” कमळाकर बाहेर आले.

“तील डाव्या गालाव पायजे. न तलवार डाव्या हातान. मी दर वर्साला बगताय.”

कमळाकर फोटोकडे बघत राहिले, मग तिच्याकडे, आणि मग इतके हसले की खोकल्याची उबळ आली. “तुम्ही पडद्यामागून पाहिलात!” त्यांनी वर्तमानपत्राचं पान खिडकीच्या उजेडात धरलं, त्यातल्या जाहिरातीतल्या माणसाच्या कोणत्या हातात पेला आहे ते दाखवलं, आणि तिला पानाच्या मागे उभं करून पुन्हा बघायला लावलं. पेला दुसऱ्या हातात गेला होता. चांगुणेनं दोनतीनदा पुढे-मागे होऊन बघितलं. “मागून बघितलं की उजवं ते डावं दिसतं आणि डावं ते उजवं,” कमळाकर म्हणाले. “बसा, बाई, बसा. तो सिनेमा माझा. गोष्ट माझी, त्यातल्या जादूच्या युक्त्याही माझ्या. उडती मगर मी केली! जादूच्या कादंबऱ्या लिहिल्या, असले सिनेमे लिहिले, आणि आता इथं शेजाऱ्यालाही माहीत नाही मी कोण ते.” आयुष्यात पहिल्यांदाच आपला खराखुरा चाहता दारी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि ते खोटंही नव्हतं.

चांगुणा खाली बसली. इतकी वर्षं साठवलेला प्रश्न तिनं विचारला. “तो वर येतं का?”

“कोण? राजपुत्र? येतो की! शेवटच्या रिळात. अमृताचा कलश घेऊन येतो.”

तिच्या डोळ्यांना धार लागली. कमळाकर आणखी खुलले. “पण तुम्हाला म्हणून आतली गोष्ट सांगतो. पाण्यात उतरतो तो रतनदीप नव्हेच. त्याला पाण्याचं भय. मुलुंडच्या बाजूला मिठागराच्या तलावात आमचं शूटिंग, आणि हा हटून बसला. मग धक्क्यावर मिठाचा मचवा लागला होता, त्यावरचा एक गडी धरून आणला. डोक्याला टोप, अंगाला सोनेरी पूड, म्हणजे काळ्यापांढऱ्यात पाठ झळकते. एका खांद्यावर ही गाठ होती बेट्याच्या! दिग्दर्शक कुरकुरला, पण मी म्हटलं, असू दे.”

चांगुणेचे हात टोपलीवर थांबले. “कंचा खांदा?”

“डावा. डाव्या खांद्यानं वाहणारा म्हणून तर लक्षात राहिला.”

“वर आलता तो?”

“आला ना. कुडकुडत, हसत आला. मी त्याला म्हटलं, अरे वेड्या, तुझं तोंड नाही दिसणार हं, नुसती पाठ. तर म्हणतो कसा, ‘तोंड कशाला पायजे? माजी बायकू पाठीवरनं वलखील.’ हे वाक्य मी पुढे एका कादंबरीत वापरलं, बरं का.”

मग ते राहिलेले सुटे पैसे आणायला पुन्हा आत गेले, आणि घेऊन आले तेव्हा दारात टोपली होती आणि चांगुणा नव्हती.

वाशीहून गावापर्यंत ती चालत आली. माजी बायकू पाठीवरनं वलखील. आणि बायकोनं दर वर्षी, हातभर अंतरावरून, त्या पाठीवर हात फिरवूनही ती ओळखली नव्हती. खांदा चुकीच्या बाजूला दिसत होता म्हणून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वाटेत भेटलेल्या बायकांना तिनं तोंड दाखवलं नाही. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. तिच्यासाठी राखून ठेवलेली ती गंमत. पुरुषांची सामसूम. सासऱ्याचं “तोच आन.” ज्या गावात शेजारणीचं कालवण खारट झालं तरी दुपारपर्यंत सगळीकडे कळतं, त्या गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी ही एक गोष्ट पोटात ठेवली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी दत्तूला ओळखलं होतं. बुडालेला नवरा पुन्हा बुडताना बायकोला ओळखू येऊ नये म्हणून तिला पडद्यामागे ठेवलं होतं. आणि बाप वर्षातून एकदा पोराला बघून घेत होता.

त्या साली कासिमभाईनं सांगून टाकलं की हा शेवटचा फेरा. घरोघरी टीव्ही आले होते, आणि तंबूच्या जागेवर पुढच्या वर्षी रस्ता येणार होता. ‘सातवा तालाब’च्या दिवशी दिवेलागण झाली तशी चांगुणा नव्या बांगड्या भरून निघाली आणि सरळ पुरुषांच्या बाजूला गेली. कुणी उठलं नाही. सितारामबाबा पुढेच बसला होता, नजर अधू झालेला.

“बाबा, आज मी हितं बसताव,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे मान वळवली. मग सरकून त्यानं जागा केली.

तीळ उजव्या गालावर होता, तलवार उजव्या हातात. सगळं सुलट होतं आणि तिला परकं वाटत होतं. मग तळं आलं. राजपुत्रानं पाठ फिरवली आणि माणसं गप्प झाली. डावा खांदा उतरलेला, त्यावर मुठीएवढी गाठ. दत्तू. एक पायरी, मग दुसरी, बांधावरून चालायचा तसाच. चांगुणेनं तोंडात पदर कोंबला. “वलखला,” ती पुटपुटली, “वलखला मी.” सितारामबाबाचा हात तिच्या डोक्यावर येऊन थांबला. पाणी मानेपर्यंत चढलं.

आणि पडद्यापलीकडून किंकाळी आली.

बायका, पोरं, तांबे, सगळ्यांची पळापळ ऐकू आली. कनात बाजूला सारून सुंदराबाई इकडे धावत आली, ओठ पांढरेफटक, आणि चांगुणेच्या पायांशीच बसली. “वयनी,” तिनं चांगुणेचा हात ओढला, “वयनी, त्यानी तोंड फिरवला. सगल्यांनी बगला. तुज्या जाग्याकरं बगत व्हता. कोनी नाय तिथं, न तो बगतंय, बगतंय... वयनी, आपला दादूस व्हता.”

चांगुणा उठली. “कासिमभाय, परत लावा,” ती म्हणाली. कासिमभाईनं रीळ मागे घेतलं. ती पडद्यामागे गेली. खाडीकडची बाजू रिकामी झाली होती. सांडलेल्या पाण्यात चटया पडल्या होत्या. तिनं आपला तांब्या शोधला, कोपऱ्याशी आपल्या जागी बसली आणि पडदा वरपासून खालपर्यंत ओला केला. सुंदराबाई तिचा पदर धरून मागे उभी राहिली.

यंत्राचा उजेड पडला. तळं आलं. त्यानं पाठ फिरवली, आणि इकडेही पाठच होती. खांदा उजवा दिसत होता, पण आता ती चुकली नाही. तिनं गाठीवर ओला हात ठेवला. “दत्तू,” तिनं हाक मारली, “मी हाय हितं.” कंबर बुडाली, पाठ बुडाली. तो वळला नाही. मान, मग केस. तिच्या हाताखाली पाणी मिटलं आणि पडदा पांढरा झाला.

एवढी वर्षं तिला वाटत होतं, वाट ती बघतेय. वाट तो बघत होता, ती ओळखील म्हणून. आणि तिनं ओळखलं त्याच दिवशी तिची जागा रिकामी होती.

तांब्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते तिनं ओंजळीत घेतलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. सुंदराबाई हुंदके देत होती, तिला तिनं जवळ घेतलं. पलीकडे माणसांनी सितारामबाबाला धरून उठवलं होतं, आणि कासिमभाई बांबूंच्या दोऱ्या सोडायला लागला होता.

पडदा खाली आला तेव्हा चांगुणेनं त्याला हात लावून पाहिला. इतका वेळ पाणी मारलेला तो पडदा खडखडीत कोरडा होता, आणि ती बसली होती तिथपासून खाडीपर्यंत चिखलात ओली पावलं गेली होती, डावं पाऊल उजव्यापेक्षा खोल रुतलेलं.